बटणच नसेल तर… (आपली माहिती, आपल्या हाती : लेखांक ५)

गेल्या आठवड्यात ‘गूगल टेकआउट’ पाहिलं. तिथे माहिती मागितली की मिळते. रोजच्या नोंदींसाठी आपण जी छोटी ॲप्स घेतो – साखरेची, रक्तदाबाची, घरखर्चाची – त्यांतल्या अनेकांत मात्र ‘एक्स्पोर्ट’चं बटणच नसतं. आलेख दिसतो, सरासरी दिसते. पण डॉक्टरांना सगळ्या नोंदींचा तक्ता द्यायचा म्हटलं की स्क्रीनशॉट काढत बसायची वेळ येते. वर्षानुवर्षं बोटाला सुई टोचून जमवलेले आकडे असे अडकून पडावेत, हे मला मुळीच मान्य नाही.

कायद्याचा आधार आपल्याकडे तोकडा आहे. युरोपीय संघात २५ मे २०१८पासून लागू असलेल्या ‘जीडीपीआर’ या माहिती-संरक्षण कायद्याच्या २०व्या कलमाने, आपण दिलेली माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा हक्क दिला. जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने तो जरूर वापरावा. भारतात माहिती-संरक्षणाच्या २०१९च्या विधेयकात असाच हक्क होता. २०२३च्या कायद्यात तो गळला. उरला तो आपल्या माहितीचा सारांश मागण्याचा हक्क, आणि सारांशातून रोजचे आकडे मिळत नाहीत. ही उणीव भरून निघायला हवी. तोवर ॲप बनवणाऱ्याला एक साधी ईमेल पाठवून पाहा. मागितलं तर काही जण फाइल देतात.

उत्तर आलं नाही तर? साखरेच्या नोंदींचं एक ॲप धरून चालू. फोन आयफोन आहे आणि नोंदी फोनमध्येच साठवलेल्या आहेत. अशी बहुतेक ॲप्स नोंदी ‘एसक्यूलाइट’ नावाच्या डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतात. ही फाइल फोनवर थेट उघडता येत नाही, पण फोनचा बॅकअप संगणकावर घेतला की सहसा तिची प्रतही त्यात येते. बॅकअप घेताना पासवर्डचा पर्याय बंद ठेवा. मात्र असा बॅकअप कुणालाही वाचता येतो, म्हणून काम झालं की तो लगेच पुसा.

बॅकअपच्या फोल्डरमध्ये फाइलींना ओळखीची नावं नसतात. चाळीस अक्षर-अंकांची लांबलचक नावं असतात. कोणती फाइल कुठल्या ॲपची, हे ‘मॅनिफेस्ट.डीबी’ या फाइलीत लिहिलेलं असतं. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडा, ॲपचं नाव शोधा आणि त्यासमोरच्या नावाची फाइल दुसरीकडे कॉपी करा. तिच्याच नावापुढे ‘वॉल’ जोडलेली आणखी एक नोंद दिसली तर तीही फाइल घ्या आणि दोघींना मॅनिफेस्टमधली मूळ नावं देऊन शेजारी ठेवा. अगदी अलीकडच्या नोंदी पुष्कळदा त्या दुसऱ्या फाइलीतच असतात. फाइल उघडलीच नाही तर ती बहुधा कुलूपबंद केलेली आहे; तिथे ही वाट संपते.

उघडली, की झेड अक्षराने सुरू होणारे तक्ते दिसतात. ॲपलच्या ‘कोअर डेटा’ची ती पद्धत. त्यातला नोंदींचा तक्ता ‘सीएसव्ही’ म्हणून बाहेर काढता येतो. इथे काम झालं असं वाटतं, पण खरी जोखीम इथूनच सुरू होते.

तारखेच्या रकान्यात तारीख नसते, ७०००००००० असा आकडा असतो. १ जानेवारी २००१पासून किती सेकंद लोटले, ते हा आकडा सांगतो. बऱ्याच इतर प्रणाली १९७०पासून मोजतात. त्या हिशेबाने हाच आकडा १९९२ सालात जाऊन पडतो. २००१ धरून मोजलं तर ८ मार्च २०२३, रात्रीचे ८ वाजून २६ मिनिटं. हीसुद्धा आपली वेळ नव्हे, जागतिक प्रमाणवेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ९ मार्चच्या पहाटेचे १ वाजून ५६ मिनिटं होतात. हे साडेपाच तास विसरले तर पहाटे सव्वापाचला उपाशीपोटी घेतलेली साखर तक्त्यात आदल्या रात्री पावणेबाराची दिसेल. असा तक्ता डॉक्टरांच्या हाती देण्यापेक्षा न दिलेला बरा, कारण गोळ्यांची मात्रा त्यावरून ठरते.

एककही तपासा. पडद्यावर ११० दिसतं आणि फाइलीत ६.१, असं होऊ शकतं. ॲप आतून मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजत असतं. १८ने गुणलं की आपले मिलिग्रॅम मिळतात.

‘लग्नात जेवले’, ‘ताप होता’ अशा मराठी शेऱ्यांच्या जागी एक्सेलमध्ये भलतीच अक्षरं दिसली तर घाबरू नका, शेरे शाबूत असतात. फाइलवर डबल क्लिक न करता एक्सेलमधूनच ती ‘इंपोर्ट’ करा आणि ‘यूटीएफ-८’ निवडा. मग अधल्यामधल्या काही नोंदी ॲपच्या पडद्याशी ताडून पाहा, पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या आवर्जून. त्या जुळेपर्यंत ॲप फोनवरून काढू नका.

अँड्रॉइडवर ही युक्ती चालत नाही. संगणकावरून ॲपचा बॅकअप घेण्याची तिथली जुनी सोय अँड्रॉइड १२पासून नव्या ॲप्ससाठी जवळपास बंद झाली आहे. तिथे बरेचदा ॲपच्या वेबसाइटवर लॉगिन करून ब्राउझरमधूनच नोंदी उचलाव्या लागतात. त्याची रीत पुढच्या आठवड्यात.