‘सप्लाय’ने सूर सुधारतो का?

स्ट्रीमर पंधरा हजारांचा आणि त्याचा पॉवर सप्लाय अठराचा! आवाजात खरंच फरक पडतो, की फक्त खिशात? एक कानोसा...

बोनस हातात पडला की काहीजण बाइक बघायला लागतात, काहीजण गोव्याचं बुकिंग करून मोकळे होतात. आणि प्रत्येक ऑफिसात असा एक तरी नमुना असतोच, जो लंच टाइमला स्पीकरच्या वायरीवर बोलायला लागतो आणि टेबलावरचे बाकीचे हळूच डब्यांची झाकणं लावतात. या जमातीचा लाडका विषय म्हणजे पॉवर सप्लाय. हो, तोच तो. डबा उघडल्यावर खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडतो आणि आपण ज्याच्याकडे एकदाही नीट बघत नाही, तो काळा अ‍ॅडाप्टर!

ज्यांना हा फंडा नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. स्ट्रीमर म्हणजे वायफायवरून गाणी ओढून अ‍ॅम्प्लिफायरला देणारी छोटी पेटी. फोन फक्त रिमोटचं काम करतो. अमेरिकेतल्या स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१मध्ये स्लिमपी३ आणला, मग स्क्वीझबॉक्स आला, २००६मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२मध्ये स्क्वीझबॉक्सचं दुकान बंदही झालं. पण तेव्हाही हौशी मंडळी त्याचा मूळ अ‍ॅडाप्टर काढून दुसरा लावत होतीच. आज स्क्वीझबॉक्सच्या जागी वीम आलाय, किंवा रास्पबेरी पायवर घरी जुळवलेला स्ट्रीमर. किडा मात्र तोच.

माझ्या एका मित्राला हा किडा चावला. कोथरूडमध्ये भाड्याचा टू बीएचके, नवं लग्न, नवा सोफा, आणि हॉलमध्ये दोन सॉल्लिड स्पीकर. तक्रार एकच: गाण्यातल्या शांत जागी मागे बारीक ‘हंऽऽ’ अशी गुणगुण. दुकानदाराने लगेच निदान केलं, ‘‘साहेब, अ‍ॅडाप्टर बदला. लिनिअर सप्लाय लावा. आठ दिवस घरी नेऊन बघा, मग पैसे द्या.’’ किंमत अठरा हजार. बायकोने त्याच पैशांत वॉशिंग मशीन बघून ठेवलं होतं. त्यामुळे प्रश्न नुसता आवाजाचा राहिलेला नव्हता!

आता दुकानदार अगदीच थापा मारत होता का? तर नाही. सोबत येतो तो अ‍ॅडाप्टर ‘स्विचिंग’ जातीचा. भिंतीतून आलेला २३० व्होल्टचा एसी प्रवाह तो सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा चालू-बंद करत ५ किंवा १२ व्होल्टच्या डीसीमध्ये बदलतो. त्यामुळे तो हलका, स्वस्त आणि थंड राहतो. पण या चालू-बंदची बारीक खरखर त्याच्या आउटपुटमध्ये उरते. लिनिअर सप्लायमध्ये जुन्या पद्धतीचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर. उचलला तर वीट उचलल्यासारखा वाटतो, तापतो, पण ही वरच्या पट्टीतली खरखर त्यात नसते. शिवाय आत चांगला रेग्युलेटर बसवलेला असेल तर प्रकरण आणखी शांत. २०१६मध्ये आलेली एलटी३०४५ नावाची चिप घ्या. तिचा स्वतःचा आवाज एका व्होल्टच्या दहालाखाव्या भागापेक्षाही कमी, ०.८ मायक्रोव्होल्ट. ऑडिओवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, ते उगाच नाही.

पण बॉस, यात एक गंमत आहे. स्विचिंग अ‍ॅडाप्टरची खरखर बहुतेक वेळा २० किलोहर्ट्झच्या पुष्कळ वर असते आणि आपला कान तिथे पोहोचतच नाही. उलट लिनिअर सप्लायमध्ये गाळायचा राहतो तो शंभर हर्ट्झचा लहरा, आणि तो हार्मोनियमच्या पांढरी पाचच्या अगदी शेजारी. म्हणजे स्वस्तातला, नीट न बनवलेला लिनिअर घेतलात तर तुम्ही न ऐकू येणारा आवाज देऊन ऐकू येणारा आवाज विकत घेतलात! रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याच्या शेजारी हा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा तर अजिबात विचार करू नका, सुईतून गुणगुण उचलली जाते.

आणि दुसरी गोष्ट. अ‍ॅडाप्टरमधून येणारे ५ व्होल्ट थेट गाण्यात मिसळत नाहीत. पेटीच्या आत त्यांच्यासाठी आणखी रेग्युलेटर असतात. डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा ‘डॅक’ असतो, त्याच्या बाजूने गाळणी असतात. बऱ्यापैकी डिझाइन केलेल्या स्ट्रीमरमध्ये बाहेरची घाण तिथेच अडते. गाण्याचा डेटा तर आधीच बफरमध्ये येऊन बसलेला असतो. वाटेत एखादं पॅकेट हरवलंच तर ते पुन्हा मागवलं जातं. चांगल्या अ‍ॅडाप्टरने शून्याचा एक ‘अधिक गोड’ होत नाही.

समजा, स्ट्रीमरचा स्वतःचा आवाज गाण्याच्या सर्वांत मोठ्या जागेपेक्षा शंभर डेसिबलने खाली आहे. शेजारी दार वाजवतील इतकं जोरात, म्हणजे ९५ डेसिबलला लावलंत, तरी तो आवाज शून्य डेसिबलच्याही खाली जातो. आपल्या शहरातल्या बंद बेडरूममध्ये मध्यरात्रीसुद्धा ३० डेसिबल तरी असतातच. पंखा लावला की विषयच संपला.

मग मित्राच्या घरातली ती गुणगुण कुठून येत होती?

नवा सप्लाय घरी आला त्या संध्याकाळी मी तिथेच होते. लावला. गुणगुण जशीच्या तशी. स्ट्रीमरची केबलच काढून टाकली. तरी गुणगुण! म्हणजे बिचाऱ्या अ‍ॅडाप्टरचा काही संबंधच नाही. मग मित्राने अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या बॉडीला हात लावला, तर आवाज एकदम कमी झाला आणि तो दचकून म्हणाला, ‘‘अगं, मुंग्या येतायत!’’

दोन पिनचा चार्जर लावलेल्या लॅपटॉपवर मनगट ठेवलं की जी झिणझिण होते, तिचीच ही मोठी बहीण. अशा उपकरणांच्या आत खरखर गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात आणि त्यातून किंचित करंट बॉडीपर्यंत येतो. तीन पिनच्या उपकरणात तो करंट अर्थिंगमधून जमिनीत निघून जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर तो दुसरी वाट शोधतो: टीव्हीला जोडलेल्या ऑडिओ केबलमधून, नाहीतर तुमच्या हातातून. केबलमधून गेला की स्पीकरमध्ये ‘हंऽऽ’.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे वायरमन काका आले. त्यांनी बल्बच्या होल्डरला जोडलेल्या दोन वायरी काढल्या. एक फेजमध्ये, दुसरी न्यूट्रलमध्ये, बल्ब लख्ख. मग दुसरी वायर अर्थच्या मोठ्या भोकात. बल्ब पेटलाच नाही. ‘‘ताई, हे भोक नुसतं शोभेचं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘आत वायरच नाही.’’ मग ते न विचारताच बाथरूममध्ये गेले. गीझरच्या सॉकेटलाही तीच कथा. वर आरसीसीबीही नव्हता. म्हणजे उद्या गीझरच्या एलिमेंटमधून करंट बॉडीत उतरला असता, तर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारं यंत्र नाही आणि करंटला जमिनीत जायला वाटही नाही. ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूस हीच एक वाट. मित्राची बायको रोज सकाळी साडेसहाला त्याच गीझरखाली अंघोळ करत होती. हॉलमध्ये दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

घरमालकांनी फोनवर आधी ‘‘आमच्या वीस वर्षांत कुणाची तक्रार नाही’’ असं सांगून पाहिलं. मित्राने त्यांना शांतपणे बल्बचा व्हिडिओ पाठवला. चार दिवसांत अर्थिंगची वायर मीटरपासून नव्याने ओढली गेली, आरसीसीबी बसला. झिणझिण गेली. आणि गुणगुणही गेली.

आता परत करायच्या आत त्या अठरा हजारांच्या पेटीची एक फेअर टेस्ट तरी घेऊ, असं ठरलं. यातली ग्यानबाची मेख अशी की सप्लाय बदलताना स्ट्रीमर बंद करून चालू करावा लागतो. तेवढ्या वेळात आधीचा आवाज डोक्यातून उतरतो. म्हणून मित्राच्या कलीगचा त्याच मॉडेलचा स्ट्रीमर मागून आणला. एकाला मूळ अ‍ॅडाप्टर, दुसऱ्याला लिनिअर. दोन्हींवर एकाच वेळी तेच गाणं, दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन इनपुटना. आवाजाची पातळी सारखी हवी, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’च वाटतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर पेपरचा तुकडा चिकटवला. मी मित्राच्या पाठीमागे उभी, म्हणजे माझा चेहराही दिसायला नको. नाणं उडवायचं, इनपुट निवडायचं, त्याने ओळखायचं.

किशोरी आमोणकरांचा भूप झाला, रहमान झाला. आधी उघड्या डोळ्यांनी ऐकताना मित्राला लिनिअरवर तानपुरा ‘मोकळा’ वाटत होता, गाण्याभोवती ‘हवा’ होती. पेपर चिकटवल्यावर १६पैकी ९ बरोबर. नुसतं नाणं उडवून ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते. १२ आले असते तर मी कान टवकारले असते. तेवढे नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. एका माणसाची एका संध्याकाळची परीक्षा, त्यावरून जगाचा निकाल लावायला मी जाणार नाही. पण त्या खोलीत, त्या पेट्यांवर, अठरा हजारांचा फरक त्याच्या कानाला सापडला नाही, एवढं खरं.

त्याने मनाने काही बनवलं, असंही नाही. हरमन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये कंपनीच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना स्पीकर ऐकवले, एकदा दाखवून, एकदा पडद्याआड. समोर दिसताना मोठ्या, देखण्या स्पीकरना मार्क जास्त मिळाले आणि छोट्या प्लॅस्टिकच्या सेटचे मार्क घसरले. ऐकणारे या धंद्यातलेच होते. आपण तर रविवारचे श्रोते!

मग सप्लाय कधीच बदलायचा नाही का? बदलायचा ना. रास्पबेरी पाय ४ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. ड्रॉवरमधला जुना फोन चार्जर लावलात आणि वर हार्ड डिस्क जोडलीत, तर व्होल्टेज पडतं, स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, गाणं अडखळतं. तिथे योग्य अ‍ॅडाप्टरने फरक पडतो आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. त्यासाठी अठरा हजार लागत नाहीत. वेगळा डॅक असेल तर आधी ऑप्टिकल केबल लावून बघा. तोशिबाने १९८३मध्ये आणलेली ही केबल प्रकाशाने सिग्नल नेते, त्यामुळे स्ट्रीमरची विजेची घाण डॅकपर्यंत जायला तारच उरत नाही. आणि तरीही नवा सप्लाय आणलातच, तर प्लग लावण्याआधी व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी वाचा. ५ व्होल्टच्या पेटीत १२ व्होल्ट गेले, तर ऐकायला काही उरत नाही.

मित्राने पेटी सातव्या दिवशी परत केली. दुकानदाराने खळखळ केली नाही, लगेच स्पीकरच्या वायरी दाखवायला घेतल्या. वॉशिंग मशीन आलं. उरलेल्या पैशांत त्याने तीन हजारांचा जाड गालिचा आणि पडदे घेतले, कारण त्याच्या हॉलमध्ये टाइल्सवरून टाळी घुमायची. तो फरक मात्र बायकोने स्वयंपाकघरातून ओळखला.