सरडगुहिऱ्याच्या पिलांचा आहार

आपल्याकडील सरडगुहिरा पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्याकडे कोणी डोळा वळवू नये. आम्ही बोलतो आहोत ते त्याच्या येमेनी, तुरेवाल्या भाऊबंदाविषयी. युरोप-अमेरिकेत हौशी लोक तो घरी वाढवितात.

मादी ३०-४० अंडी सहज घालते. ती फुटायला ६ ते ९ महिने लागतात. आई पुढे फिरकतही नाही. बोटभर पिलू अंगातील बलकाच्या शिदोरीवर पहिला दिवस काढते, मग त्याची भूक खवळते. परंतु मेलेली माशी पुढे ठेवून भागत नाही. हलत्या भक्ष्यावरच ते जिभेचा नेम धरते. बिनपंखांच्या फळमाश्या आणि नुकते जन्मलेले रातकिडे हाच त्याचा दूधभात. किडा पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्यावेत, नाही तर तेच पिलाला चावतात.

खरी मेख पुढेच आहे. पोटभर खाऊनही पिले दगावतात! रातकिड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडे. म्हणून किडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यावे लागतात. ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवे, आणि त्यासाठी जंबुपार किरण. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन येथे कुचकामी, कारण काच नेमके तेच किरण अडविते. मग हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जीभ फेकणेही जमेनासे होते. आपल्या मुलांचा मुडदूस तो हाच, असे म्हणावयास आम्हांस हरकत वाटत नाही.

पाणी वाटीत ठेवले तर ते त्याला बहुधा ओळखतच नाही. पानांवर फवारलेले थेंब मात्र आवडीने चाटते.