नव्यांना स्वस्त, जुन्यांना अन्याय? गेमच्या खजिन्याचा हिशोब

भोसरीहून मी पुन्हा तुमच्यासोबत. आजचा विषय आमच्या क्लॅनच्या ग्रुपवरच्या भांडणातून आलाय. एक जुना गडी म्हणाला, "मी वर्षानुवर्षं भिंती घासल्या, आणि नव्या पोरांना तेच अपग्रेड स्वस्तात. हा अन्याय नाही का?"

गेम आहे क्लॅश ऑफ क्लॅन्स. फिनलंडच्या सुपरसेलचा, २०१२ मध्ये आयफोनवर आणि २०१३ मध्ये अँड्रॉइडवर आलेला.

आधी मूळ गणित समजून घेऊ. गेमची इकॉनॉमी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. खाणी, कलेक्टर आणि लूट हे नळ. अपग्रेड आणि भिंती या तोट्या, म्हणजे सोनं बाहेर जायची वाट. जुन्या प्लेयरचं सगळं मॅक्स झालं की तोट्या बंद होतात, पण नळ चालूच. टाकी भरून वाहते आणि अटॅक करायचं कारणच संपतं. मग कंपनी नवा टाउन हॉल आणते. डिसेंबर २०१५ मध्ये ११ वा आला, नोव्हेंबर २०२४ मध्ये १७ वा.

पण इथेच गोची आहे. जुन्यासाठी जी नवी तोटी, ती आज गेम टाकणाऱ्यासाठी जिन्याची आणखी एक पायरी. वर माळे वाढतच गेले, तर खालचा पोरगा चढायला सुरुवातच करणार नाही.

यावर तीन उपाय दिसतात. पहिला, लूट पेनल्टी: आपल्यापेक्षा खालच्या टाउन हॉलवर हल्ला केला तर लूट कापली जाते, म्हणजे दादा लोकांना लहानग्यांना लुटण्यात फायदा उरत नाही. दुसरा, खालच्या लेव्हलच्या अपग्रेडचा खर्च आणि वेळ अधूनमधून कमी करणं. तिसरा, अडथळा सगळ्यांसाठीच काढणं: जून २०२२ मध्ये सैन्य ट्रेन करायचा खर्च गेला, मार्च २०२५ मध्ये ट्रेनिंगचा वेळही गेला.

जिथे प्लेयर एकमेकांना वस्तू विकतात, तिथे वेगळी डोकेदुखी. जुन्यांकडे पैसा साचतो आणि महागाई होते. म्हणून ओल्ड स्कूल रूनस्केपने २०२१ मध्ये बाजारातल्या विक्रीवर १ टक्का कर लावला. त्या पैशातून काही वस्तू विकत घेऊन गेममधून कायमच्या काढून टाकल्या जातात.

आता अन्यायाचा प्रश्न. आपल्या एमआयडीसीत जुने कारागीर हेच म्हणतात: आम्ही लेथवर हात काळे केले, हे पोरगं थेट सीएनसीवर! त्यांचं दुखणं खरं आहे. गेलेले तास कुणी परत देत नाही. पण वॉरला माणसं लागतात. नवे आलेच नाहीत, तर मॅक्स बेस घेऊन लढणार कुणाशी? आणि कुठे कोणता स्पेल टाकायचा, हा हात सवलतीत मिळत नाही. तो जुन्याकडेच राहतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कंपनी जेम्सच्या रूपात वेळ विकते. त्यामुळे वाट सोपी होते, पण पूर्ण मोकळी होत नाही. थोडी घाई वाटत राहणं हाच तिचा धंदा.

म्हणून नव्यांनो, खालच्या लेव्हलला खिशातले पैसे टाकून अपग्रेड लवकर उरकू नका. आज ज्या दहा तासांसाठी पैसे मोजाल, ते पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये फुकटात कमी होऊ शकतात. जेम्स साठवा आणि आधी बिल्डर घ्या, तो कायम कामाला येतो.

पुण्यातल्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' आणला. आपल्याकडच्या गेम्सचं वय वाढेल, तसा हाच हिशोब त्यांच्याही दारात येणार. तेव्हा नव्या प्लेयरच्या बाजूने कोण बोलतं, ते बघू.

तुमच्या क्लॅनमध्ये हे भांडण झालंय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!