पऱ्हाटीपासून रसायनापर्यंत : प्रयोगशाळा व कारखाना यांच्या सहकार्याचा विचार

बुलढाणा जिल्ह्याचा घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातील प्रदेश काळ्या जमिनीचा व कपाशीचा म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहे. खामगावच्या कापूस बाजाराचे महत्त्व एकेकाळी एवढे होते की, जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा १८७० साली त्या बाजाराकरिता टाकण्यात आला. त्या बाजारातून कापूस गाठी बांधून बाहेर जातो, सरकी तेलगिरणीत जाते आणि ढेप गुराढोरांच्या गव्हाणीत पडते. मागे उरते ती पऱ्हाटी. वेचणी संपल्यावर ती उपटली जाते; थोडी चुलीत जाते आणि बरीचशी शेताच्या कडेला पेटवून दिली जाते. जे जळते त्यात मूल्यवान रसायनांचा कच्चा माल असतो, हे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. मग तो माल रसायन होऊन बाजारात का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ रसायनशास्त्रात सापडत नाही. ते प्रयोगशाळा, कारखाना व शेत यांच्या परस्परसंबंधांत शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्याच संबंधांचा विचार करावयाचा आहे.

पऱ्हाटीत काय असते

पऱ्हाटी हे शास्त्रीय दृष्ट्या लाकूडच होय. तिचे तीन प्रमुख घटक म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन. हेमिसेल्युलोजमधील पाच कार्बनांच्या शर्करांची बहुवारिके, म्हणजे पेंटोसान, विरल आम्लाबरोबर दाबाखाली तापविली असता प्रथम झायलोजसारख्या शर्करा मुक्त होतात; मग त्या शर्करेच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फरफ्युराल हा द्रव तयार होतो. लॅटिन भाषेत कोंड्याला ‘फरफर’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ड्योबेरायनर याच्या प्रयोगांत हा पदार्थ १८२१ च्या सुमारास प्रथम आढळला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे तो प्रयोगशाळेतील एक दुर्मीळ कुतूहल एवढ्याच रूपाने राहिला.

विक्रियेचा हिशेब सोपा आहे. पेंटोसानच्या १३२ भारभागांपासून फरफ्युरालचे ९६ भाग, म्हणजे सुमारे ७३ टक्के, मिळावयास हवेत. वनस्पतिद्रव्यात २० टक्के पेंटोसान आहे असे धरले, तर १०० किलोंपासून साडेचौदा किलो ही सैद्धांतिक मर्यादा झाली. परंतु तयार झालेले फरफ्युराल त्याच आम्लद्रवात स्वतःशी व शर्करांशी विक्रिया करून राळेसारखे पदार्थ बनविते. म्हणून ते तयार होताच वाफेबरोबर बाहेर काढावे लागते. एवढी काळजी घेऊनही जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत सैद्धांतिक मर्यादेच्या निम्म्याच्या आसपासच उत्पन्न हाती येते. शिवाय वाफ पुष्कळ लागते; आणि फरफ्युरालचे पाण्याशी स्थिरक्वाथी मिश्रण होत असल्यामुळे ऊर्ध्वपातनाचे काम दोन टप्प्यांत करावे लागते.

एका कोंड्याची कथा

हे कुतूहल बाजारात कसे आले, तो इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स या कंपनीकडे ओटच्या टरफलांचे ढीग साचत असत. त्यांचा उपयोग शोधण्यासाठी शिकागो येथील कार्ल मायनर यांच्या सल्लागार प्रयोगशाळेचे साहाय्य घेण्यात आले. मूळ हेतू टरफलांपासून अधिक पाचक पशुखाद्य बनविण्याचा होता. आम्लाने संस्कार करताना फरफ्युराल तयार होते हे लक्षात आले आणि संशोधनाची दिशाच पालटली. कारखान्यात दाबाची मोठी पात्रे रिकामी पडून होती. त्यांच्याच साहाय्याने १९२२ च्या सुमारास व्यापारी प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

येथे कच्चा माल गोळा करावा लागला नाही. तो धान्याबरोबर कारखान्यात आपोआप येत होता. पात्रे तयार होती आणि ज्ञान प्रयोगशाळेने दिले. तरीही एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे गिऱ्हाईक. जो पदार्थ कोणी टनांच्या हिशेबाने कधी पाहिलाच नव्हता, त्याची मागणी असणार तरी कशी? तेव्हा उत्पादकांनाच उपयोग शोधावे लागले. प्रथम फिनॉलबरोबरच्या कृत्रिम राळा, मग वंगणतेलांच्या शुद्धीकरणासाठी विद्रावक, दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबरासाठी लागणाऱ्या ब्युटाडाइनचे शुद्धीकरण, असा हा क्रम आहे. युद्धानंतर ड्यू पॉन्ट कंपनीने नायलॉनचा एक मध्यस्थ पदार्थ फरफ्युरालपासून बनविण्यास आरंभ केला. परंतु १९६० च्या सुमारास खनिज तेलापासून निघणारे ब्युटाडाइन स्वस्त ठरताच तो मार्ग सोडून दिला. वनस्पतिजन्य रसायनाची मागणी एकाच ग्राहकावर अवलंबून ठेवणे किती धोक्याचे असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रातील अनुभव

अशा कामास लागणारी विद्येची परंपरा आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली स्थापन झाला. तोच पुढे २००८ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ झाला. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिली. तिने तेलबियांच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण विदर्भाच्या दाराशी आणले. माटुंग्याची कापूस तंत्रशाळा १९२४ पासून कापसावर काम करीत आहे. सिरकॉट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने पऱ्हाटीपासून दाबीव फळ्या बनविण्याची पद्धतही विकसित केली.

उद्योगाच्या बाजूने पाहावयाचे तर कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. करमसी जेठाभाई सोमय्या यांनी १९३९ साली स्थापन केलेल्या गोदावरी साखर कारखान्याच्या परंपरेतून आज तेथे उसाच्या मद्यार्कापासून इथाइल ॲसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड व ब्युटिलीन ग्लायकॉल ही रसायने तयार होतात. मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड, त्याच्या दोन रेणूंच्या संयोगाने ॲल्डॉल, ॲल्डॉलमधून पाणी काढले की क्रोटोनाल्डिहाइड आणि ॲल्डॉलमध्येच हायड्रोजन घातला की ब्युटिलीन ग्लायकॉल, अशी ही मालिका आहे. यातील प्रत्येक पायरी पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु स्वस्त व मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या इथाइल ॲसिटेटबरोबर प्रसाधनांत वापरले जाणारे, थोडे पण महाग असे रसायन काढणे, यात व्यापाराचे शहाणपण आहे. एका मालाचा भाव पडला तरी दुसरा कारखान्यास तारून नेतो.

साखर कारखान्यास एक सोय अशी की, ऊस गाळपासाठी येतो आणि मळी व चिपाड तेथेच उरते. पऱ्हाटीची स्थिती याच्या उलट आहे. ती हजारो शेतांत विखुरलेली असते.

बुलढाण्याचा हिशेब

वर्षास १,००० टन फरफ्युराल करणारा लहान कारखाना कल्पू या. १०० किलो पऱ्हाटीस ७ किलो उत्पन्न धरल्यास सुमारे १४,३०० टन पऱ्हाटी लागेल. हेक्टरी २ टन पऱ्हाटी मिळते असे मानले, तर ती ७,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्रातून आणावी लागेल. जिल्ह्यातील कपाशीच्या मानाने हे क्षेत्र मोठे नाही. अडचण निराळी आहे. अखंड पऱ्हाटी वजनाला हलकी व आकाराने अवाढव्य असते. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली तर भाडे मालापेक्षा महाग पडते. म्हणून ती शेतावर किंवा गावात यंत्राने बारीक करूनच हलविली पाहिजे. शिवाय ती हंगामातील दोन-तीन महिन्यांतच मिळते, कारखाना मात्र वर्षभर चालावयास हवा. म्हणजे साठवण आली, आणि साठवणीबरोबर कुजण्याचा व आगीचा धोका आला.

अनुकूल गोष्टीही आहेत. फरफ्युराल काढल्यावर उरणारा सेल्युलोज व लिग्निन यांचा चोथा बॉयलरमध्ये जाळून लागणारी बरीचशी वाफ मिळविता येते. फरफ्युरालपासून होणाऱ्या फरफ्युरिल अल्कोहोलच्या राळा ओतकामाच्या वाळूचे साचे बांधण्यासाठी वापरतात आणि कोल्हापूर हे ओतकामाचे मोठे केंद्र राज्यातच आहे. तिसरी गोष्ट कृषिशास्त्रातील आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची मोठी हानी केली. ही अळी हंगामानंतर शेतात राहिलेल्या झाडांवर व बोंडांत तग धरते; म्हणून पऱ्हाटी वेळेवर काढून तिची विल्हेवाट लावावी, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पऱ्हाटीला भाव मिळाला तर हा उपदेश शेतकऱ्याच्या स्वार्थाशी जुळेल.

तथापि एक सावधगिरी राखली पाहिजे. फरफ्युरालचा जागतिक व्यापार आज मुख्यतः चीनमध्ये मक्याच्या कणसांच्या बुरखुंडापासून होणाऱ्या उत्पादनाच्या हाती आहे. तेथील भावाशी झुंज देण्यास केवळ फरफ्युराल पुरेसे होणार नाही. सेल्युलोज व लिग्निन यांचाही इंधनापेक्षा अधिक मोलाचा उपयोग शोधला पाहिजे. विद्यापीठीय संशोधनास खरा वाव आहे तो येथेच.

सहकार्याच्या अटी

प्रयोगशाळेतील चंचुपात्र व कारखान्यातील दाबपात्र यांत केवळ आकाराचा भेद नसतो. चंचुपात्रात उष्णता क्षणार्धात सर्वत्र पोहोचते, मोठ्या पात्रात ती पोहोचण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात राळ धरते. शुद्ध झायलोजवर मिळालेले उत्पन्न माती, साल व सुकी पाने मिसळलेल्या पऱ्हाटीवर मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळा व व्यापारी कारखाना यांमध्ये प्रायोगिक संयंत्राचा टप्पा अपरिहार्य आहे. नेमका हाच टप्पा सर्वांत खर्चाचा. विद्यापीठास तो झेपत नाही आणि उद्योजकास त्यातील जोखीम नको असते. भागीदारीची गरज येथे उत्पन्न होते.

अशा भागीदारीत शिरताना संशोधकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली एकस्वाची. शोध प्रथम नियतकालिकात छापला आणि मग एकस्वासाठी अर्ज केला, तर नावीन्य सहसा लोप पावते. कायद्यातील अपवाद फार मर्यादित आहेत. भारतीय कायद्यानुसार तात्पुरते विनिर्देशपत्र आधी दाखल करून १२ महिन्यांत पूर्ण विनिर्देशपत्र देता येते. तेव्हा प्रबंध व एकस्व यांत विरोध नाही, केवळ क्रम पाळावयाचा आहे. दुसरी गोष्ट पूर्वज्ञानाची. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर १९९४ साली दिलेले एकस्व युरोपीय एकस्व कार्यालयाने २००० मध्ये रद्द केले व २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. लोकांत रूढ असलेले ज्ञान कोणा एकाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे त्यातून दिसले. जैविक संसाधनांवर आधारित शोधास २००२ च्या जैवविविधता अधिनियमाखाली नोंदणी वा मान्यता लागते काय, हेही आरंभीच पाहावे. या अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती झाली आहे.

तिसरी गोष्ट न्यायाची आहे. करारात सामान्यतः दोनच पक्ष असतात, विद्यापीठ व कंपनी. पऱ्हाटीच्या उद्योगात मात्र तिसरा पक्ष शेतकरी होय. त्याला फुकट मिळणाऱ्या कचऱ्याचा मालक समजून हिशेब केला, तर तो हिशेब पहिल्याच हंगामात कोसळेल. कारण ज्या दिवशी मागणी निर्माण होते, त्या दिवसापासून कचरा हा कचरा राहत नाही. उपटणी, यंत्राने बारीक करणे व वाहतूक यांची मजुरी धरून वर मालाचा भाव, एवढे मूल्य प्रकल्पाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच असले पाहिजे. उत्पादक सहकारी संस्था किंवा शेतकऱ्यांची कंपनी यांच्याशी पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा करार हा एकस्वाच्या परवान्याइतकाच महत्त्वाचा दस्तऐवज मानावा.

आपल्या विभागांतून दरवर्षी वनस्पतींतील घटकांवर अनेक प्रबंध सिद्ध होतात. त्यांतील निष्कर्षांच्या प्रकरणात आणखी चार प्रश्नांची उत्तरे यावीत. कच्चा माल कोठे, केव्हा व किती मिळतो. एक किलो पदार्थास वाफ व विद्रावक किती लागतात. आज तो पदार्थ कोण विकत घेतो. आणि खनिज तेलापासून होणारा त्याचा प्रतिस्पर्धी कोणता? ही उत्तरे देण्यास प्रायोगिक संयंत्र लागत नाही. खामगाव किंवा मलकापूरच्या एखाद्या जिनिंगमध्ये घालविलेला आठवडा व स्वच्छ गणित पुरते. ती उत्तरे हाती असतील, तर उद्योजकाशी बोलणे याचनेचे न राहता बरोबरीचे होईल.