मरे नदीकांठचा खेळाडू

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांत फुटबॉलचा जो खेळ चालतो तो आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूहि लांबट. प्रत्येक संघांत १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. लाथेनें उडविलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. उंच आलेला चेंडू झेलण्यासाठीं खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरहि चढतात. म्हणून या खेळांत उंच माणसाला मोठें महत्त्व. तरीहि केवळ ५ फूट २ इंच उंचीच्या एका मनुष्यानें त्यांत नांव मिळविलें. त्यांचें नांव डग निकोल्स.

निकोल्स यांचा जन्म १९०६ सालीं न्यू साउथ वेल्स प्रांतांत, मरे नदीच्या कांठीं, कमरागंजा येथें झाला. ही मूळ रहिवाशांची वसाहत. तिच्यावर सरकारी अधिकाऱ्यांचा अंमल असे. निकोल्स लहान असतांनाच त्यांच्या थोरल्या बहिणीला पोलिसांनीं आईपासून तोडून दूरच्या एका संस्थेंत नेलें. पुढें कोवळ्या वयांतच ते मेंढ्यांच्या कुरणावर कामाला लागले. लोकर कातरतांना मेंढीला जखम झाली कीं तीवर डांबर लावणें हें त्यांचें काम. नदीपलीकडील टोंगाला गांवाच्या संघांत खेळतांना त्यांच्या पायांचा वेग लोकांच्या डोळ्यांत भरला.

१९२७ मध्यें ते मेलबर्नला कार्ल्टन संघाकडे गेले. परंतु वर्णामुळें तेथें त्यांचा निभाव लागला नाहीं. त्यांच्या अंगाला मालीश करण्यासहि नकार मिळाला, असें सांगतात. ज्या खेळांत अंगाला अंग भिडल्यावांचून चालत नाहीं, त्याच खेळाच्या कपडे बदलण्याच्या खोलींत त्या अंगाचा विटाळ व्हावा, हें केवढें नवल! नॉर्थकोट संघानें मात्र त्यांना घेतलें, आणि १९२९ चें अजिंक्यपद पटकाविलें. १९३२ पासून १९३७ पर्यंत ते फिट्झरॉय संघाकडून ५४ सामने खेळले. तेथें हेडन बंटन या नामवंत खेळाडूनें त्यांना आपलेपणानें जवळ केलें. १९३५ मध्यें व्हिक्टोरिया प्रांताच्या संघांत त्यांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले मूळ रहिवासी.

खेळ संपला, तरी पायांना विसांवा मिळाला नाहीं. धर्मोपदेशक होऊन ते मेलबर्नमधील आपल्या निराधार बांधवांसाठीं झटले. मैदानावर मिळविलेलें नांव त्यांनीं बांधवांच्या हक्कांसाठीं खर्चीं घातलें. १९७२ मध्यें त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि १९७६ मध्यें ते साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. प्रकृति ढांसळल्यानें पुढच्याच वर्षीं त्यांना तें पद सोडावें लागलें. १९८८ मध्यें ते निवर्तले. त्यांचा देह कमरागंजाच्याच मातींत विसावला.

२०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या प्रमुख स्पर्धेंतील एक फेरी त्यांच्या नांवानें खेळली जाते. समाजाला त्यांचे पाय चटकन् दिसले. त्या पायांवर उभा असलेला माणूस दिसावयास मात्र कित्येक वर्षें लागलीं.