दया १७, भक्ती ५४

हरीश जोहरी यांनी प्रसिद्ध केलेल्या ७२ घरांच्या वैष्णव मोक्षपटात, म्हणजे जुन्या सापशिडीत, १७व्या घरात दया आहे. सोंगटी तिथे पडली की शिडी थेट ६९व्या घरात, ब्रह्मलोकात नेते. जिंकायचं घर मात्र ६८वं, वैकुंठ. म्हणजे दया खेळाडूला मुक्कामाच्या एक घर पुढे नेऊन ठेवते. मागे फिरता येत नाही, पुढेच जावं लागतं. ७२व्या घरात तमोगुणाचा साप, तो ५१व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. पृथ्वीवरून तीनचं दान पडलं तर ५४वं घर, भक्ती. तिची शिडी नेमकी वैकुंठात. चार पडलं तर शेजारचाच अहंकार, तो ३ऱ्या घरातल्या क्रोधापर्यंत घसरवतो. एक पडलं तर हिंसा. ज्ञानाची शिडी ३७वरून ६६वर, वैकुंठाच्या दोन घरं अलीकडेच थांबते. कुणीतरी बसून गुणांची किंमत ठरवली होती, आणि फार विचारपूर्वक ठरवली होती.

हा कुणीतरी कोण, यावर वाद आहे. परंपरा ज्ञानेश्वरांचं नाव घेते. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन याच शोधात पुण्यात आले, तेव्हा भांडारकर संस्थेतले वा. ल. मंजूळ कामाला लागले. ज्ञानेश्वरांच्या वाङ्मयात त्यांना या खेळाचा उल्लेख मिळाला नाही. मोक्षपट मिळाले ते रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात, दोन, आणि तेही ५० घरांचे. जैन पट ८४ घरांचा असतो. एकाच कर्त्याचा हट्ट मला पटत नाही. घरांची संख्या पंथागणिक बदलते, तशी गुणांची जागाही. प्रत्येक पंथाने आपला हिशेब नव्याने मांडलेला दिसतो.

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवण्याच्या खेळांत हाच हिशेब १९७४ साली वेगळ्या वाटेने आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप असे सहा गुण होते. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे. २१६ शक्यतांपैकी १८ फक्त एकदा येतो. १० आणि ११ प्रत्येकी २७ वेळा. पडलं ते नशीब. हे मला पहिल्यापासून खटकत आलंय. मोक्षपटात सगळ्या सोंगट्या जन्माच्या एकाच घरातून निघतात आणि गुण वाटेवर भेटतात. इथे गुण जन्माआधीच वाटले जातात आणि दुबळ्या पात्राचा खेळाडू महिनोन्‌महिने ते ओझं वाहतो. रचनाकारांनाही ते जाणवलं असावं. १९७७ साली स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘मेली’ या खेळात बळ आणि चपळाई यांत ठरावीक गुण खेळाडूनेच वाटून घ्यायचे होते. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ने चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा वगळायची मुभा दिली.

पण खरी उडी ग्रेग स्टॅफर्ड यांची. १९८५च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये त्यांनी स्वभावाच्या १३ जोड्या मांडल्या: उदार-स्वार्थी, दयाळू-क्रूर, नम्र-गर्विष्ठ. प्रत्येक जोडीची बेरीज २०. एक वाढला की दुसरा तेवढाच कमी. कसोटीची वेळ आली की वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि क्रौर्य बळावलेल्या सरदाराला खेळाडूची इच्छा असो-नसो, क्रूर वागावं लागू शकतं. त्याच वर्षी अँड्र्यू टॉप्सफील्ड यांचा भारतीय सापशिडीवरचा शोधनिबंध ‘आर्टिबस एशिए’ नियतकालिकात आला. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तरी मोक्षपट आणि ‘पेंड्रॅगन’ शेजारी ठेवले की मला ते एकाच घराण्याचे वाटतात.

सुरतेच्या लिंबायत भागात या घराण्याचा खेळ मांडून बघायला फासेही लागत नाहीत. इथल्या लूमवर कामाला आलेल्या खानदेशी घरांतून चिंचोक्याच्या फाका अजून निघतात. चार फाका टाकल्या की १६ शक्यता: दोन पांढऱ्या बाजू वर सहा वेळा, एक किंवा तीन प्रत्येकी चार वेळा, चारही किंवा एकही नाही प्रत्येकी एकदा. फाका सारख्या घासलेल्या हव्यात, नाहीतर गणित ढळतं.

पालिकेच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी मी स्टॅफर्डच्या जोड्या यात बसवल्या. बेरीज २० ऐवजी चार. सुरुवात प्रत्येकाची दोन-दोन. फाका टाकायच्या, पांढऱ्या बाजू आपल्या गुणाइतक्या किंवा कमी आल्या तर त्या गुणाने वागायचं. दया दोन असेल तर १६ पैकी ११ वेळा पात्र दयेने वागतं, तीन असेल तर १५ वेळा, एक असेल तर पाचच वेळा. आठवीतल्या मुलाला हे बोटांवर मोजता येतं, २१६ येत नाहीत.

गुण वाढवायची रीतही स्टॅफर्डचीच. त्यांच्या खेळात वापरलेल्या गुणापुढे खूण करतात आणि हिवाळ्यात हिशेब होतो: फाशावर सध्याच्या आकड्यापेक्षा मोठा आकडा पडला तरच गुण एकाने वाढतो. आमच्याकडे हा हिशेब दिवाळीत होतो, लूम बंद होऊन घरं नंदुरबार-भुसावळच्या गाडीत चढायच्या आधी. दयेला दोनावरून तीनवर न्यायला १६त पाच संधी, तीनावरून चारवर न्यायला एकच. आणि जोडीतला क्रूरपणा त्याच दानात एकाने उतरतो.