उत्तरपत्रिका तपासणार कोण?

लेखमाला ‘घामाचा करार’ : भाग ५

संघटनेला मान्यता कशी मिळते, हे गेल्या भागात पाहिलं. मान्यतेनंतर येतात वाटाघाटी. त्या कशा चालतात आणि फिसकटल्या तर काय होतं, हे समजून घ्यायला कॅलिफोर्निया विद्यापीठातला २०२२ चा संप घेऊ. १४ नोव्हेंबरला या सरकारी विद्यापीठाच्या दहाही कॅम्पसवर सुमारे ४८,००० जणांनी काम थांबवलं. अमेरिकेच्या उच्च शिक्षणात एवढा मोठा संप त्याआधी झाला नव्हता.

संपावर गेलं कोण? प्राध्यापक मोठ्या वर्गासमोर व्याख्यान देतात. त्यानंतर छोट्या तुकड्यांचे तास घेणं, शंका सोडवणं, उत्तरपत्रिका तपासणं हे बहुतेक पीएच.डी. करणारे ‘टीए’ म्हणजे टीचिंग असिस्टंट करतात. प्रयोगशाळा चालते ती विद्यार्थी-संशोधक आणि पीएच.डी.नंतर संशोधन करणारे पोस्टडॉक यांच्या हातांवर. आठवड्याला २० तासांच्या कामासाठी टीएला नऊ महिन्यांचे साधारण २३,००० डॉलर मिळत. बर्कली, लॉस एंजेलिससारख्या शहरांत त्यातला मोठा वाटा घरभाड्यातच जाई.

विद्यार्थ्याचं हे काम नोकरी नसून शिक्षणाचाच भाग आहे, असं अमेरिकी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत आली. खासगी विद्यापीठांपुरता हा दावा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात फेटाळला. सरकारी विद्यापीठांना राज्याचा कायदा लागू होतो. कॅलिफोर्नियात टीएंची संघटना जुनी होती, पण विद्यार्थी-संशोधकांना संघटनेचा हक्क मिळाला तो २०१७ च्या कायद्याने. २०२२ मध्ये ते पहिल्याच कराराची बोलणी करत होते.

सगळे युनायटेड ऑटो वर्कर्स या मोटार कामगारांच्या जुन्या संघटनेशी जोडलेले, पण करार मात्र चार वेगवेगळे : टीए, विद्यार्थी-संशोधक, पोस्टडॉक आणि शैक्षणिक संशोधक यांचे. प्रत्येक गटाची निवडून आलेली वाटाघाटी समिती प्रशासनासमोर बसे आणि एकेका कलमावर बोलणी होत. प्रशासन प्रामाणिकपणे वाटाघाटी करत नाही, अशा तक्रारी संघटनेने राज्याच्या कामगार संबंध मंडळाकडे केल्या, सभासदांचं मतदान घेतलं आणि संप ‘अनुचित कामगार प्रथां’विरुद्ध पुकारला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यामुळे ही संज्ञा इथल्या कामगारांच्याही ओळखीची आहे. अनुचित प्रथांविरुद्धच्या संपाला कायद्याचं संरक्षण अधिक मिळतं.

संपाची वेळही विचारपूर्वक निवडली होती. डिसेंबरमध्ये सत्र परीक्षा होतात. टीए कामावर नसतील तर उत्तरपत्रिका पडून राहतात, गुण लागत नाहीत. संपकऱ्यांची चूल पेटती राहावी म्हणून संघटनेच्या निधीतून आठवड्याला ४०० डॉलर दिले जात होते. असा निधी नसेल तर भाडं थकलेला माणूस दुसऱ्या आठवड्यातच कामावर परततो.

पोस्टडॉक आणि शैक्षणिक संशोधकांचे करार आधी झाले. उरलेल्या दोन गटांसाठी सॅक्रामेंटोचे महापौर डॅरेल स्टाइनबर्ग यांनी मध्यस्थी केली. १६ डिसेंबरला तात्पुरता करार झाला आणि २३ डिसेंबरला सभासदांनी मतदानाने त्याला मंजुरी दिली. टीएंचं किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३४,००० डॉलरवर नेण्याचं ठरलं. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोत ३६,५००. मूळ मागणी वर्षाला ५४,००० ची होती. परदेशी विद्यार्थ्यांवरचं जादा शुल्क रद्द करण्याची मागणीही पूर्णपणे पदरात पडली नाही. म्हणूनच टीएंमधल्या जवळपास चाळीस टक्के मतदारांनी कराराविरुद्ध मत दिलं. एवढ्या घाईने संप का मिटवला, हा त्यांचा सवाल रास्त होता.

तरीही माझ्या मते हा संप यशस्वी ठरला. प्रशासनाला वेतनात इतकी मोठी वाढ द्यावी लागली, कारण या हातांवाचून विद्यापीठ चालत नाही हे सहा आठवड्यांत उघड झालं. जो शिकतो तोच शिकवतही असेल, तर त्या शिकवण्याचा मोबदला हा त्याचा हक्क आहे. ती विद्यापीठाची कृपा नव्हे.

पुण्या-मुंबईहून, नागपूरहून दरवर्षी अनेक मुलं पीएच.डी.साठी अमेरिकेत जातात. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, त्यामुळे वरकमाईची वाट त्यांना जवळपास बंद असते. अशांना एकच सांगणं आहे : प्रवेशपत्राइतक्याच काळजीने तिथला करार वाचा, आणि संघटना असेल तर तिचे सभासद व्हा.